आईचं डिप्रेशन, आम्ही दोघी बहिणी: मदत हवी आहे

नेहमीचा आयडी नातेवाइकांना माहितेय म्हणून नवीन काढलाय.

आई ६३ वर्षांची, झेडपी शाळेतली रिटायर्ड शिक्षिका, सांगलीत एकटी असते. बाबा कोविडमध्ये गेले तेव्हा फार रडली पण नाही, पेन्शनची कागदपत्रं, बँक, धाकटीचं लग्न सगळं हिनेच निस्तरलं आणि घर रिकामं झाल्यावर मग जी बसली ती बसलीच. पहाटे तीनला जाग येते ती परत झोप नाही, आंघोळ दुपारी नाहीतर नाहीच. कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या होतात पण उठून गॅस बंद करत नाही. आमच्या वेलांट्या तपासणारी बाई आता पेपरची घडीसुद्धा मोडत नाही. विचारलं की "गुडघे दुखतात, बाकी काही नाही."

सायकियाट्रिस्टना दाखवलं (झोपेचे डॉक्टर सांगून नेलं, असो), त्यांनी एस्सिटॅलोप्रॅम (डिप्रेशनची गोळी) दिली. मावशी म्हणाली या गोळ्यांची सवय लागते, झालं! बहिणीला त्या तांदळाच्या डब्यात सापडल्या.

आता खरी अडचण. ती आमच्याकडे राहायला तयार नाही. "जावयाच्या दारात किती दिवस पडून राहायचं, मुलगा असता तर गोष्ट वेगळी." दोन्ही जावई बिचारे आई आई करतात, तरी पुण्यात आणली की तीन-चार दिवसांत पिशवी भरून सोफ्यावर बसते. तिकडे एकटं ठेववत नाही. परवा बहिणीला म्हणाली, "मी गेले की तुम्ही दोघी सुटाल." बहीण मिरजेत, नोकरी करून रोज सांगलीला डबा घेऊन जाते, वर सासूबाईंचं "रोज काय असतं गं माहेरी". मी पुण्यातून फोनवर गोळी दे, फिरायला ने सांगितलं की ती भडकते आणि मग रडते. मावशीचं आता "कुलदेवीचं काही राहिलंय का बघा" सुरू झालंय.

गोळ्या कशा सुरू करायच्या, बहिणीवरचा भार कसा कमी करायचा, आणि ते "सुटाल" किती मनावर घ्यायचं?

प्रतिसाद:
शेवटचं आधी. पूर्ण मनावर घ्या. सरळ विचारा, "आई, जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने डोक्यात नसलेलं काही शिरत नाही. हो म्हणाली तर एकटी ठेवू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा, गोळ्या, फिनेल, उंदराचं औषध सगळं बहिणीच्या ताब्यात. टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, नंबर १४४१६, सरकारी आहे, फुकट, २४ तास, मराठीत बोलतात. बहिणीने स्वतःसाठीही फोन करावा.
सवय लागते ती काही झोपेच्या गोळ्यांची, ही तसली नाही. फक्त गुण यायला ३-४ आठवडे, कधी जास्तही लागतात, आणि मनाने एकदम बंद करायची नाही, चक्कर वगैरे येते. हे डॉक्टरांकडून मावशीसमोरच वदवून घ्या. थायरॉइड, बी१२ची तपासणी झालीये का? या वयात या गोळीने कधी रक्तातलं सोडियम उतरतं, बीपीची लघवी होणारी गोळी चालू असेल तर जास्तच, तेही विचारा.

प्रतिसाद:
जावयाचं घर आमच्याकडे सेम टू सेम. शेवटी आईला हलवायचा नाद सोडला. तिच्याच घरात रात्रीला एक बाई ठेवली, पैसे लांबच्या बहिणीने म्हणजे मी द्यायचे. शिवाय महिन्यातला एक आख्खा आठवडा लॅपटॉप घेऊन मी तिथे आणि त्या आठवड्यात बहिणीने फिरकायचंसुद्धा नाही. फोनवरचे सल्ले मात्र बंद केले, त्यानेच आमची निम्मी भांडणं मिटली. गोळी बीपीच्या गोळीबरोबर, समोर उभं राहून द्यायची.

धागाकर्ती:
बहिणीने काल विचारलं. आई म्हणाली, "रोज वाटतं गं." दोघी खूप रडल्या म्हणे, पण रात्री बहीण तिथेच झोपली, आज पाचची अपॉइंटमेंट मिळालीये, मी बसमध्ये आहे. थायरॉइड केलेलं नाही. बीपीच्या गोळीच्या नावापुढे एच आहे, तीच का ती लघवीची?

प्रतिसाद:
बहुतेक हो. मनाने बंद करू नका, सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. आणि आई तुम्हाला जे म्हणाली ते त्यांना शब्दशः सांगा, आईला लाज वाटेल म्हणून गाळू नका.