श्रीलंकेतून शांतिसेना परत आणली ते बरोबर होतं का?

रानवारा:

ऑगस्ट २०२१ मधले काबूल विमानतळाचे व्हिडिओ आठवत असतील सगळ्यांना, धावपट्टीवर विमानाच्या मागे पळणारी माणसं. मागच्या महिन्यात घरात तो विषय निघाला, सगळे अमेरिकेला नावं ठेवत होते, २० वर्षं राहिले आणि एका रात्रीत पळाले वगैरे. तेवढ्यात आत्या म्हणाली, आपण श्रीलंकेतून कसे आलो ते आठवतंय का कुणाला? एकदम शांतता. मला तर काही सांगताच येईना, माझा जन्मच १९९४ चा, आणि शाळेच्या पुस्तकात या विषयावर दोन ओळी होत्या फक्त.

मग वाचायला घेतलं. २९ जुलै १९८७ ला कोलंबोत राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी करार केला, आपली सेना गेली शांतता राखायला, आणि ऑक्टोबरात लिट्टे या तमिळ बंडखोर संघटनेशीच लढाई सुरू झाली. २४ मार्च १९९० ला शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून जहाजाने निघाली. मध्ये जवळपास १२०० जवान गेले.

हा १२०० चा आकडा वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये. एवढी माणसं गमावल्यावर काम अर्धवट टाकून परत येणं बरोबर होतं का? का उलट, एवढी गेली म्हणून थांबलो असतो तर आणखी तेवढीच गेली असती? दोन्ही बाजू मला पटतात आणि म्हणूनच काही ठरत नाही. ज्यांनी तो काळ बघितलाय त्यांनी प्लीज लिहा.

माजी_सिग्नल्स:

रानवारा, मी तिथं होतो. १९८८ च्या सुरुवातीला गेलो, वय २३, वावुनिया आणि त्रिंकोमाली भागात. मोठं राजकारण मला तेव्हा कळत नव्हतं, जे डोळ्यांनी बघितलं तेवढंच लिहितो.

रोज पहाटे रोड ओपनिंग पार्टी निघायची. म्हणजे गाड्यांचा ताफा जायच्या आधी रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पायी चालत जायचं, वायर दिसते का, माती ताजी उकरलेली आहे का, डांबर कुठं उचललंय का ते बघत. काल साफ केलेला रस्ता आज परत साफ करायचा कारण रात्रीत त्यांनी पुन्हा सुरुंग पेरलेला असायचा, आणि तो सुरुंग असा की अख्खी गाडी उडायची. मी वायरलेसवर असायचो त्यामुळं आवाज आधी कानाला लागलेल्या सेटमध्ये यायचा आणि मग बाहेरून. त्यानंतर जो काही क्षण सेटवर कुणीच बोलत नाही तो मला अजून आठवतो.

मुद्दा असा की करारात लिहिलं होतं बंडखोर ७२ तासांत शस्त्रं खाली ठेवतील, लंकेचं सैन्य बराकीत जाईल, तमिळ भागाला प्रांतिक सरकार मिळेल आणि आपण जामीन राहू. मग, मी जायच्या आधीच, १९८७ च्या ३ ऑक्टोबरला लंकेच्या नेव्हीने लिट्टेची १७ माणसं समुद्रात पकडली, त्यांना कोलंबोला न्यायचं ठरलं तेव्हा त्यांनी जाफन्याजवळच्या पलाली तळावर सायनाइड खाल्लं, १२ जण मेले, आणि तिथून सगळं फिरलं. ज्यांच्यासाठी गेलो त्यांच्याशीच लढाई. लंकेच्या उत्तरेतल्या जाफना शहराचे धड नकाशे नव्हते आपल्याकडं. युनिव्हर्सिटीच्या मैदानावर हेलिकॉप्टरमधून शिख लाइट इन्फन्ट्रीचे ३० जण उतरवले त्यातला एकच जिवंत राहिला, तोही त्यांच्या हाती लागला. नोव्हेंबरात ८ महारचे मेजर परमेश्वरन गेले, परमवीर चक्र मिळालं त्यांना.

शूर कमी पडले म्हणून नाही हो, शौर्य भरपूर होतं. पण उद्या सकाळी नेमकं काय झालं म्हणजे आपलं काम झालं म्हणायचं, हे वरपासून खालपर्यंत कुणाला सांगता येत नव्हतं. जंगलात ते आहेत, गावात त्यांचे लोक आहेत, आपण रस्ता सांभाळतोय, आणि रस्ता सांभाळणं हेच काम होऊन बसलं. वरून १९८९ मध्ये प्रेमदासा राष्ट्राध्यक्ष झाले आणि १ जूनला जाहीर सांगितलं की तुमचं सैन्य न्या. ज्याच्या घरी मदतीला गेलो तोच उठून जा म्हणतोय तिथं कशाच्या जोरावर थांबणार? माझं उत्तर साधं आहे, परत आणलं ते बरोबर, दोन वर्षं उशीर झाला.

जुनी_वही:

माजी_सिग्नल्स, तुमच्यासमोर मी काय बोलणार, पण एका गोष्टीवर मला वेगळं म्हणायचंय आणि ते मनापासून म्हणतेय, राग मानू नका.

परत यावं की नाही यावर सगळे बोलतात, परत कसं आलो यावर कुणी बोलत नाही. आपण तिथं नोव्हेंबर १९८८ मध्ये उत्तर-पूर्व प्रांताच्या निवडणुका घेतल्या, लिट्टेच्या विरोधातल्या ईपीआरएलएफ या तमिळ संघटनेचं सरकार आलं, वरदराज पेरुमल मुख्यमंत्री झाले. ते सरकार आपल्या बंदुकांच्या आधारावर उभं होतं हे त्यांनाही माहीत होतं आणि लिट्टेलाही. मग १८ सप्टेंबर १९८९ ला ठरलं की ३१ डिसेंबरपर्यंत आपण निघू. ती तारीख पुढं सरकली तो भाग वेगळा, पण एकदा तारीख जाहीर झाली की समोरच्याला लढायची गरजच उरत नाही. तो नुसता थांबतो. आणि प्रेमदासा तर त्याच काळात गुपचूप लिट्टेला शस्त्रं देत होते, आपल्याविरुद्ध वापरायला! पुढं १ मे १९९३ ला त्याच लिट्टेने त्यांना मारलं.

जाताना आपण काय केलं, घाईघाईत तमिळ नॅशनल आर्मी उभी केली. पोरं घराघरातून, रस्त्यावरून उचलून आणली, काही तर शाळकरी वयाची, थोडी ट्रेनिंग, हातात बंदूक, आणि आपण एकेक जिल्हा सोडत निघालो. मागोमाग लिट्टे येत गेली आणि ती पोरं मारली गेली नाहीतर पळाली. १ मार्च १९९० ला पेरुमल यांनी स्वतंत्र ईलम, म्हणजे तमिळांचं वेगळं राष्ट्र, जाहीर केलं आणि ते भारतात आले. जूनमध्ये लिट्टेने पूर्व भागातल्या पोलीस ठाण्यांना शरण यायला सांगितलं, शरण आलेल्या ६०० च्या वर पोलिसांना ठार केलं. त्याच महिन्यात ईपीआरएलएफचे नेते पद्मनाभा मद्रासमध्ये मारले गेले, म्हणजे आपल्या घरात येऊन. आणि मग २१ मे १९९१, श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या. राजीव पुन्हा सत्तेत आले तर सैन्य पुन्हा येईल ही भीती त्या कटामागे होती असं तपासात पुढं आलं.

काबूलचं बघा. २९ फेब्रुवारी २०२० ला दोह्यात अमेरिका आणि तालिबानने सह्या केल्या, अफगाण सरकार टेबलावर नव्हतंच. आपल्या १९८७ च्या करारात तर दोन्ही सह्या सरकारांच्या, जी लिट्टे लढत होती तिची सहीच नाही. दोन्हीकडं ज्यांचं आयुष्य पणाला लागलं होतं त्यांना कुणी विचारलं नाही. म्हणून मला नुसतं "परत आलो ते बरोबर" असं म्हणून पुढं जाता येत नाही.

शुक्रतारा:

सगळं वाचलं. एक बाजू सुटतेय ती थोडक्यात लिहिते, तिथल्या साध्या तमिळ माणसांची.

१९८७ च्या ऑगस्टमध्ये जाफन्याच्या लोकांनी आपल्या जवानांना हार घातले होते. ऑक्टोबरच्या २१ आणि २२ तारखेला, दिवाळीत, जाफन्याच्या हॉस्पिटलमध्ये रुग्ण, डॉक्टर, नर्स धरून साठ-सत्तर माणसं गोळीबारात गेली. आपल्या बाजूने म्हणतात आतून गोळीबार झाला, तिथून वाचलेले म्हणतात आम्ही हात वर करून सांगत होतो. त्या लोकांच्या नजरेत आपण त्या दोन दिवसांत बदललो. दक्षिणेत सिंहली भागात जेव्हीपी या डाव्या सिंहली पक्षाने "भारतीय सैन्य चालतं व्हा" याच मुद्द्यावर बंड पेटवलं, त्यातही हजारो पोरं मेली.

आपण राहिलो तर तमिळांचं रक्षण होईल असं गृहीत धरून वाद चाललाय. पण ऑक्टोबर १९८७ नंतर आपण तिथं असणं हाच अनेकांच्या भीतीचा भाग झाला होता. आपले १२०० मोजताना त्यांचे किती हे पण विचारलं पाहिजे, नाहीतर हिशोब एकाच पानावर राहतो.

रानवारा:

हॉस्पिटलचं मला माहीतच नव्हतं. वाचून सुन्न झालो.

एक विचारायचंय. मग चांगली माघार अशी काही असते का? म्हणजे कुठल्या देशाने सैन्य परत आणलं आणि मागे सगळं कोसळलं नाही, असं झालंय का कधी?

डोंगरवाट:

झालंय की, आणि आपणच केलंय. १६ डिसेंबर १९७१ ला ढाक्यात पाकिस्तानी सैन्य शरण आलं, १२ मार्च १९७२ ला आपल्या सैन्याची निरोपाची परेड झाली, म्हणजे तीन महिनेसुद्धा पूर्ण झाले नव्हते. बांगलादेशचे नेते शेख मुजीब १० जानेवारीला परत आले होते, लोक त्यांच्या मागे होते आणि त्यांनी इंदिरा गांधींना स्वतः सैन्य परत न्यायला सांगितलं. लढाई संपलेली होती, शत्रू शरण आलेला, आणि मागे जे सरकार होतं ते आपल्या बंदुकीवर नव्हे लोकांच्या मतावर उभं होतं. श्रीलंकेत या तीनपैकी एकही गोष्ट नव्हती.

दुसरं उदाहरण लोक विसरतात ते सोव्हिएत रशियाचं, अफगाणिस्तानातलं. १५ फेब्रुवारी १९८९ ला जनरल ग्रोमोव तेर्मेझच्या पुलावरून अमुदर्या नदी ओलांडून परत गेले, जवळपास १५ हजार सैनिक गमावून. सगळ्यांना वाटलं त्यांच्या पाठिंब्यावरचे अफगाण राष्ट्राध्यक्ष नजीबुल्ला महिनाभर टिकणार नाहीत. पण त्याच वर्षी मुजाहिदीन बंडखोरांनी जलालाबादवर जोर लावला तो हल्ला नजीबुल्लांच्या सैन्याने परतवला आणि ते सरकार एप्रिल १९९२ पर्यंत तगलं. कारण सैन्य गेलं तरी शस्त्रं, इंधन, धान्य आणि पैसा येत होता. ते येत होतं तोवर अफगाण सैनिक लढले, सोव्हिएत संघच संपला, पुरवठा बंद झाला, आणि काही महिन्यांत खेळ आटोपला. व्हिएतनामलाही तेच. अमेरिकेचं लढणारं सैन्य मार्च १९७३ ला निघालं, १९७४ मध्ये अमेरिकेच्या संसदेने मदत कापली, ३० एप्रिल १९७५ ला सायगाव पडलं.

काबूलमधून २०२१ ला नुसते अमेरिकन सैनिक नाही गेले, विमानं दुरुस्त करणारे कॉन्ट्रॅक्टर पण गेले. अफगाण एअर फोर्स त्यांच्यावर चालत होती. जुलैच्या सुरुवातीला अमेरिकेने आपला मोठा बगराम तळ रात्रीत रिकामा केला, तिथल्या अफगाण कमांडरला सकाळी कळलं. डोंगराळ चौकीवर बसलेल्या शिपायाला दारूगोळा आणि जखमींसाठी हेलिकॉप्टर येणार नाही हे समजलं की तो कशाला लढेल? त्याला भित्रा म्हणणं मला पटत नाही, त्यांची ६० हजारांच्या वर माणसं आधीच मेली होती.

म्हणून माझं मत, माघारीची तारीख ही शेवटची गोष्ट. आधी हे ठरवा की गेल्यानंतर काय चालू राहणार, किती वर्षं, आणि ते देणार कोण. त्याला पैसा लागतो आणि सैन्य परत आल्यावर कुठल्याच देशातल्या लोकांना त्या लढाईवर एक रुपया खर्च करायचा नसतो. खरी अडचण तिथं आहे.

माजी_सिग्नल्स:

जुनी_वही ताई, राग कशाला मानू. तुमची पोस्ट मी दोनदा वाचली आणि रात्री नीट झोप लागली नाही म्हणून आज लिहितोय.

आमच्याकडं एक तमिळ मुलगा होता, सोळा-सतरा वर्षांचा असेल. तमिळ आणि तोडकं इंग्रजी यायचं त्याला, गावात गेलो की लोक काय म्हणतात ते सांगायचा. रोड ओपनिंगला आमच्या बरोबर चालायचा, त्याला हत्यार नव्हतं आणि हेल्मेटपण नव्हतं. दोनदा तरी त्याच्यामुळं आमची माणसं वाचली, एकदा म्हणाला या वळणावर रोज म्हाताऱ्या बायका बसतात, आज कुणी नाही, थांबा. तिथं खरंच सुरुंग निघाला.

आमची पोस्ट हलवायची ऑर्डर आली तेव्हा सामानाची यादी झाली. सेट, बॅटऱ्या, केबलचे ड्रम, जनरेटर, एकेक नग मोजला, मीच मोजला. तो मुलगा कुठल्या यादीत नव्हता. त्याने मला विचारलं तुम्ही गेल्यावर मी कुठं जाऊ, मी म्हणालो तुमचं सरकार आहे ना इथं, काळजी करू नको. मला तेव्हा ते खरं वाटत होतं.

मद्रास बंदरात उतरलो तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री स्वागताला आले नाहीत याचं आमच्या लोकांना फार लागलं होतं, अजूनही माजी सैनिक भेटले की तो विषय निघतो. पुढं कोलंबोजवळ श्रीलंका सरकारने आपल्या जवानांचं स्मारक बांधलं, काळ्या दगडावर नावं आहेत, ते बघून बरं वाटलं. आमच्या युनिटची नावं मी फोटोत शोधली.

परत येणं बरोबर होतं हे मी अजूनही म्हणेन. पण डोंगरवाट म्हणतात त्यात एक भर घालतो, सामानाची यादी करताना माणसांची पण करा. ज्यांनी आपल्यासाठी बोलून दाखवलं, वाट दाखवली, स्वयंपाक केला, त्यांची. जहाजात जागा होती.