पुरात भिजलेली १९७३ची प्रेसिडेंट, निम्मे पार्ट गायब. घ्यावी का?

घाटमाथा
नमस्कार मंडळी. चिपळूणजवळ एक १९७३ची प्रीमियर प्रेसिडेंट विकायला आहे, म्हणजे पुढे जिची पद्मिनी झाली तीच गाडी. मालक पस्तीस हजार म्हणतोय. जुलै २०२१च्या पुरात सीटपर्यंत पाणी होतं, त्यानंतर कुणी हात लावलेला नाही. इंजिन जाम. कार्ब्युरेटर, डायनॅमो, पुढची ग्रिल, एक हेडलाइटची रिंग, पुढची सीट आणि डाव्या मागच्या दाराची काच नाही. मागच्या सीटखाली फ्लोअरला हात जाईल एवढं भोक. आरसी आहे, पण मालकाच्या वारलेल्या वडिलांच्या नावावर. नोंदणी मुंबईची, जुन्या मालिकेचा नंबर. मला मिग (तार वापरून होणारं विजेचं) वेल्डिंग येतं, छपराखाली जागा आहे, घाई नाही. रोज वापरायची नाही, पण महिन्यातून दोनदा बाहेर काढता यावी. सुरुवात कुठून करू? आणि काय दिसलं तर सरळ परत फिरू?

खिडकी क्र. ७
आधी कागद, मग पत्रा. चॅसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून बघा. नंबरावर गंज असेल तर रॉकेल आणि तारेचा ब्रश. ग्राइंडर चुकूनही लावू नका. घासलेला नंबर म्हणजे खोडलेला नंबर, आरटीओत तसंच धरतात. पेन्सिलने ट्रेस काढून घ्या. नंबर जुळत नसेल किंवा वाचताच येत नसेल तर परत फिरा. गाडी फुकट दिली तरी नको.

वडिलांच्या नावावरून वारसाच्या नावावर येण्यासाठी फॉर्म ३१, सोबत मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती. तिथून तुमच्या नावावर फॉर्म २९ आणि ३०. दुसऱ्या आरटीओत न्यायची तर फॉर्म २८ची एनओसी. आरसीवर बँकेचा बोजा दिसत असेल तर फॉर्म ३५ लागेल. १९७३चं कर्ज कधीच फिटलेलं असतं, पण नोंद तशीच राहते. सगळ्या वारसांच्या सह्या आणि प्रतिज्ञापत्रं पैसे देतानाच घ्या. वर्षभराने पुण्यातली बहीण आणि दुबईतला भाऊ एका जागी आणणं इंजिन खोलण्यापेक्षा अवघड.

जुना नंबर ‘वाहन’ या सरकारी ऑनलाइन नोंदणी प्रणालीत दिसत नसेल तर मूळ आरटीओत बॅकलॉग एंट्री (जुन्या नोंदीची संगणकात भर) करावी लागते. ती झाल्याशिवाय ऑनलाइन काहीच पुढे सरकत नाही, म्हणून हे काम पहिल्याच आठवड्यात सुरू करा.

पासिंगचे रस्ते दोन. एक म्हणजे नेहमीचं नूतनीकरण, फॉर्म २५. दर पाच वर्षांनी. २० वर्षांवरच्या मोटारीला ऑगस्ट २०२५पासून शुल्क १०,००० रुपये. शिवाय पर्यावरण कर आणि उशिराचा दंड. दुसरा रस्ता २०२१च्या व्हिंटेज नियमांचा: पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपातली गाडी. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढे ५,०००. जुना नंबर ठेवता येतो. पण मग गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. तुम्हाला महिन्यातून दोनदा सहज फिरवायची असेल तर पहिलाच रस्ता धरा.

पत्रा २० गेज
या गाडीला वेगळी चॅसिस नाही, बॉडी हीच चॅसिस. म्हणून फ्लोअरचं भोक बघून घाबरू नका आणि वरून चकचकीत असेल तर भुलूही नका. बघायच्या जागा: दोन्ही सिल (दाराखालचे बॉक्स), जॅक लावायच्या जागा, मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर जिथे बॉडीला बसतात ती जागा, पुढचं सस्पेन्शन जिथे बोल्ट होतं तो भाग, पेडलखालचा फ्लोअर, स्टेपनीची जागा आणि समोरच्या काचेखालचा पत्रा. लहान लोहचुंबक आणि टोकदार पेचकस न्या. चुंबक धरत नाही तिथे पुट्टी. खालच्या बाजूला काळं अंडरकोटिंग असेल तर पेचकसाच्या मुठीने ठोका: टणटण वाजलं तर पत्रा आहे, भदभद वाजलं तर नुसतं डांबर.

परत फिरायची खूण एकच सांगतो. चारही दारं उघडून एकेक करून लावा. दार वरच्या कोपऱ्यात घासतंय, खाली फट वाढलीय आणि दोन्ही सिल पेचकसाने फुटतायत, म्हणजे बॉडी मध्यातून बसलीय. ती उभी करायला जिग (बॉडी मापात धरून ठेवणारा सांगाडा) लागतो, घरच्या शेडमध्ये होत नाही. एकच सिल गेली असेल तर खुशाल घ्या.

पुराच्या गाडीत बॉक्समध्ये गाळ बसलेला असतो. बाहेरून सुकलेला वाटतो, आत ओल धरून राहतो आणि पत्रा आतून खातो. म्हणून वेल्डिंगच्या आधी प्रत्येक बॉक्सची ड्रेन भोकं तारेने मोकळी करा, प्रेशरचं पाणी मारा, स्वच्छ पाणी येईपर्यंत. मग ब्लोअरने सुकवा. हे टाळलं तर वेल्डिंगच्या उष्णतेने आतल्या चिखलाची वाफ होते आणि टाका बुडबुड्यांनी भरतो.

कापण्यापूर्वी गाडी समतल जमिनीवर स्टँडवर घ्या आणि दारांच्या चौकटीत एक इंची चौकोनी पाइपचे आडवे-तिरपे आधार वेल्ड करा. एका वेळी एकच बाजू. सिल कापली, नवी टाक्यांवर बसवली की दार लावून फटी बघा, मगच पूर्ण वेल्ड. फ्लोअरला २० गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा चालतो, सिल आणि हँगरच्या जागी १८ (गेजचा आकडा कमी तितका पत्रा जाड). मिगची तार ०.८ मिमीची असेल तर करंट कमी ठेवा, ०.६ मिळाली तर उत्तम. टाके इंचभर अंतरावर, एक इकडे एक तिकडे, मध्ये गार होऊ द्या. सलग ओढत गेलात की पत्रा पापडासारखा फुगतो. जिथे मूळ स्पॉट वेल्ड होते तिथे वरच्या पत्र्याला ६ मिमीचं भोक पाडून प्लग वेल्ड करा. पितळी वेल्डिंग कुणाला करू देऊ नका. स्वस्त पडतं, पण त्यातला फ्लक्स रंगाखालून फुटतो आणि पुढे त्या जागी मिग धरत नाही.

सँडब्लास्टिंग फक्त सस्पेन्शनचे आर्म, रिम आणि ब्रॅकेटला. बोनेट, दारं, छप्पर यांवर मारलं की पत्रा लाटा धरतो आणि मग किलोने पुट्टी. गंज काढल्यावर कोकणातल्या हवेत त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारा. पुट्टी प्रायमरवर, उघड्या पत्र्यावर नाही. बॉक्सच्या आत कॅव्हिटी वॅक्स सगळ्यात शेवटी, रंग झाल्यावर.

बोअर ६८
इंजिन जाम आहे म्हणजे संपलं असं नाही. गाडी गिअरमध्ये टाकून ढकलू नका आणि स्टार्टर लावू नका, रिंगा मोडतात. आधी इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल (मागच्या धुरीतली गिअरपेटी) तिन्हींचे ड्रेन बोल्ट काढून तेल बघा. आधी पाणी येईल, मग दुधी तेल. सगळं उतरवा. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये ५० मिली डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) समसमान, आठवडाभर मुरू द्या, अधूनमधून भर घाला. मग क्रँकच्या पुलीच्या नटला लांब पान्हा लावून दोन्ही दिशांना थोडं थोडं हलवा. नाही हललं तर जोर वाढवू नका, हेड (सिलिंडरवरचं झाकण) काढा.

हेड अॅल्युमिनियमचं, ब्लॉक बिडाचा. वर्षानुवर्षं साधं नळाचं पाणी घातलेल्या गाडीत हेडच्या पाण्याच्या वाटा खाल्लेल्या असतात. गॅस्केटच्या रेषेपर्यंत खड्डा आला असेल तर अॅल्युमिनियम वेल्ड करून फेसिंग (मशीनवर पृष्ठभाग सपाट करणं). स्टड गंजून हेडमध्ये अडकलेले असतात. पेचकस घालून हेड उचकटलं की फेस गेला. स्टडभोवती तेल मुरवून रबरी हातोड्याने बाजूंनी ठोकत राहा.

मूळ बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६८ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ७५, म्हणजे १०८९ सीसी. बोअरला गंजाचे खड्डे असतील तर आधी ओव्हरसाइझ पिस्टन हातात घ्या, मगच ब्लॉक बोअरिंगला टाका. उलटं केलं की मशीनवाला त्याच्याकडे असेल त्या मापाला बोअर करतो आणि तुम्ही पिस्टन शोधत फिरता. कोल्हापूरला उद्यमनगरात हे काम नीट होतं, तुम्हाला जवळही आहे.

ब्रेक चारही ड्रम, आणि लाइन एकच: एका ठिकाणी गळती झाली की चारही चाकांचे ब्रेक गेले. म्हणून मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर, होज आणि लोखंडी पाइप सगळं नवीन. पुरातल्या सिलिंडरला नुसते रबर कप बदलून उपयोग नाही, आत खड्डे असतात आणि नवे कप महिन्यात फाटतात.

काळीपिवळी
पत्रासाहेबांचं बाकी सगळं मान्य, पण त्यांनी पार्टचा विषयच सोडला. गंज हाताने निघतो, नसलेली ग्रिल हाताने येत नाही. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ला बंद झाली. तोवर भंगारात सतत माल येत होता, आता जो आहे तो आहे. माझं मत: ही घेण्याआधी डोनर गाडी (जिचे पार्ट काढून वापरायचे ती) शोधा. कागद नसलेली असली तरी पार्टसाठी चालेल, मात्र मालकाकडून विक्रीची चिठ्ठी घ्या आणि तिचे नंबर तुमच्या गाडीला लावायचा विचारही नको.

डोनर घेताना दोन फसवणुकी. ११८ एनई दिसली की तीही प्रीमियरचीच म्हणून उचलू नका. ती फियाट १२४च्या घराण्यातली, तिचं तुमच्या गाडीला काहीच बसत नाही. डिझेलची १३७डी असेल तर दारं, बोनेट, काचा चालतील, इंजिनची बाजू नाही. टॅक्सीतून आलेलं इंजिन सीएनजीवर चाललेलं असतं, व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह टेकतात त्या कडा) झिजून खाली गेलेल्या धरूनच भाव करा.

शोधायच्या जागा: कुर्ल्याचं भंगार, पुण्यात नाना पेठ आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार. जाताना तुटका नमुना किंवा मापासह फोटो न्या. "पद्मिनीची रिंग द्या" म्हटलं की कुठल्याही वर्षाची हातात ठेवतात. दाराच्या काचा सपाट आहेत, पुठ्ठ्याचा साचा देऊन काचवाल्याकडून करून घ्या. फक्त टफन (तापवून कडक) करण्याआधी कापायला सांगा, नंतर कापता येत नाही. समोरची आणि मागची वळणदार, त्या जपा. कार्ब्युरेटर आणि डायनॅमोची काळजी नको, दोन्ही मिळतात. बॅज आणि रिंगांना वेळ लागतो.

घाटमाथा
खूप आभार. शनिवारी चुंबक, पेचकस आणि ट्रेसचा कागद घेऊन जातो. दोन शंका: गंजलेले छोटे पार्ट घरी कसे साफ करू? आणि टाकीचं काय, ई२० (२० टक्के एथनॉलच्या) पेट्रोलने त्रास होतो का?

पत्रा २० गेज
छोट्या लोखंडी पार्टना धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जर. प्लास्टिकच्या टबात चार लिटर पाण्याला एक मोठा चमचा सोडा, पार्टला निगेटिव्ह, साध्या सळईच्या तुकड्याला पॉझिटिव्ह. दोघांचा एकमेकांना स्पर्श नको. सळईच्या जागी स्टेनलेस वापरू नका, विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन निघतो, म्हणून उघड्यावर करा. अॅल्युमिनियम आणि झिंकच्या ओतीव वस्तू यात टाकायच्या नाहीत, विरघळतात. हेडलाइटची रिंग आधी फाईलने कडेला घासून कशाची आहे ते बघा.

डोनरबद्दल काळीपिवळींचं बरोबर आहे, पण क्रम बदलेन. आधी या गाडीच्या सिल आणि नंबर तपासा. डोनर आधी घेऊन ही गाडी नापास झाली तर दारात दोन भंगार.

बोअर ६८
टाकी उतरवून मूठभर नट आणि पाणी घालून हलवा, जे पडेल त्यावरून ठरवा. पापुद्रे पडले तर फॉस्फरिक अॅसिडचं पाणी, मग धुणं, लगेच सुकवणं. भोकं असतील तर नवीन टाकी बनवून घ्या. पेट्रोल राहिलेल्या टाकीला वेल्डिंग लावू नका, रिकामी दिसत असली तरी.

ई२०ला जुनं रबर टिकत नाही. पंपाचा डायफ्रॅम, होज, कार्ब्युरेटरचे गॅस्केट एथनॉल चालणारे घ्या आणि पंपाच्या आधी पारदर्शक फिल्टर लावा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर फ्लोट चेंबर (कार्ब्युरेटरमधली पेट्रोल साठायची वाटी) कोरडं करून ठेवा. एथनॉल ओल ओढतं आणि जेटमध्ये पांढरा थर बसतो. आणि शनिवारी जाताना रिकामा डबा घेऊन जा, डिफरन्शियलचा ड्रेन बोल्ट तिथेच सैल करून बघा. नुसतं पाणीच पाणी आलं तर भावात त्याचे पैसे कापून घ्या.