मण्यांच्या वस्तूंची विक्री आणि बालकर्करोग संशोधनासाठी निधी

महालकर: आम्ही काही मैत्रिणी मण्यांची तोरणे व कानातली तयार करतो. सप्टेंबर हा बालकर्करोग जागृतीचा महिना असून सोनेरी फीत हे त्याचे चिन्ह असल्याने, सोनेरी मण्यांच्या वस्तू विकून येणारी रक्कम संशोधनासाठी द्यावी, असा आमचा विचार आहे. किंमत कशी ठरवावी आणि पैसे कोणाकडे द्यावेत?

हिशेबनीस: ‘सर्व रक्कम संशोधनाला’ असे फलकावर मुळीच लिहू नका, कारण मणी, दोरा आणि हुक यांचा खर्च त्यातूनच भागवावा लागतो, त्याऐवजी प्रत्येक वस्तूमागे किती रुपये निधीत जातील, ते चिठ्ठीवर छापावे. ग्राहकाने मोजलेली किंमत ही देणगी ठरत नाही, त्यामुळे त्याला करसवलतीच्या पावतीचे आश्वासन देऊ नये. कच्चा माल नागपूरच्या इतवारी बाजारातून घाऊक घेतलात तर बरेच वाचेल.

वर्धारोड: उपचारांसाठीची मदत आणि संशोधन निधी यांत फरक आहे, हे बहुतेक जण विसरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली सुरू केलेल्या उपक्रमात २०३०पर्यंत कर्करोग झालेले किमान ६० टक्के बालरुग्ण वाचावेत असे लक्ष्य आहे, आणि त्यासाठी दोन्ही लागतात. तरीही तुम्ही ग्राहकांना संशोधन सांगणार असाल, तर नागपूरजवळच्या जामठ्याच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत किंवा मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात रक्कम नेमकी कोणत्या खात्यात जाईल, हे आधी लेखी विचारून घ्या.

सीताबर्डीकर: एक सूचना. तीन वर्षांखालील मुलांच्या हाती सुटे मणी लागू देऊ नका, ते घशात अडकतात.