'वचन पाळणे' : पाळायचं कोणी?

विचारणा :
आम्ही सोलापुरात नवीन आहोत. शेजारच्या ख्रिस्ती काकू परवा म्हणाल्या, "सकाळी वचन वाचल्याशिवाय मी स्वयंपाकाला लागत नाही." वचन देतात, पाळतात, मोडतात एवढं मला माहीत होतं. 'वचन वाचणे' हा प्रयोग नवा वाटला. हा अर्थ कुठून आला?

प्रतिसाद :
काकूंचा प्रयोग अगदी रुळलेला आहे. 'वच्' म्हणजे बोलणे. जे बोललं ते वचन. शपथेचा अर्थ त्याला नंतर चिकटला. बायबलमधल्या प्रत्येक अध्यायाचे क्रमांक घातलेले छोटे भाग असतात, त्यांनाही वचनच म्हणतात. योहान या बायबलमधल्या पुस्तकातला संदर्भ द्यायचा तर 'योहान, अध्याय ३, वचन १६' असं सांगतात. आणि सगळं शास्त्र मिळूनही 'देवाचं वचन'च.

खरं तर सोलापुरात हा शब्द परका वाटायला नको. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांची कन्नड वचनं या गावचीच. तिथेही वचन म्हणजे शपथ नव्हे, जगायला उपयोगी पडणारं बोलणं.

मला या शब्दात सगळ्यात मोलाचं वाटतं ते त्याच्या पुढचं क्रियापद. व्यवहारात जो वचन देतो त्यानेच ते पाळायचं असतं. योहानाच्या शुभवर्तमानात (१४:२३) येशू म्हणतो, ज्याची माझ्यावर प्रीती असेल तो माझं वचन पाळील. म्हणजे वचन दिलं एकाने, पाळायचं दुसऱ्याने. लहानपणी रविवारच्या शाळेत हे मला कोड्यासारखं वाटे. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ राखणे, जपणे, पहारा करणे असा आहे. आपलं 'पाळणे'ही 'पाल्' म्हणजे रक्षण करणे यातूनच आलेलं. गाय पाळतो, तसं वचन पाळायचं : रोज चारापाणी, रोज लक्ष. वर्षातून एकदा नाताळला आठवण काढून ते पाळलं जात नाही.

आमचा शाळेचे गणवेश शिवायचा छोटा कारखाना आहे. मे-जूनमध्ये गिऱ्हाईक दारात उभं असतं आणि "परवा नक्की देतो" हे वाक्य तोंडातून आपोआप निघतं. मी ते वर्षानुवर्षं बोललो. एका जूनमध्ये मुलं जुन्याच कपड्यांत शाळेत गेली आणि एक बाप काही न बोलता माझ्यासमोर उभा राहिला. त्या रात्री बायबलमधल्या मत्तय या पुस्तकातलं वाचन होतं : तुमचं बोलणं होय तर होय, नाही तर नाही, एवढंच असावं. हे वचन मला पाठ होतं, पण त्या रात्री पहिल्यांदा ते माझ्या वहीतल्या तारखांना लागू झालं. तेव्हापासून जमणार नसेल तर "नाही होणार" म्हणतो. दोन ऑर्डरी गेल्या. त्याचं दुःख झालं, पण झोप लागायला लागली.

म्हणूनच बायबलमधल्या स्तोत्र ११९ मधली उपमा मला पटते. ते सगळ्यात लांब स्तोत्र, १७६ वचनांचं, आणि जवळजवळ सगळं देवाच्या वचनाबद्दलच. त्यात वचनाला पावलांसाठीचा दिवा म्हटलंय. त्या काळचा दिवा म्हणजे तळहातावर मावणारी मातीची तेलाची पणती. तिच्या उजेडात अख्खा रस्ता दिसत नाही, पुढचं पाऊल दिसतं. दहा वर्षांनी कारखान्याचं काय होईल हे शास्त्रात सापडत नाही. आज दारात उभ्या असलेल्या माणसाशी काय बोलायचं, ते सापडतं.

पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावला बायबलचं मराठी भाषांतर केलं, तेही साध्या बायाबापड्यांना कळेल अशा भाषेत. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि १९२४ मध्ये ते पूर्ण छापून आलं. जे कळतच नाही ते पाळणार कसं, हे त्यांनी ओळखलं होतं असं मला वाटतं.

आणखी एक प्रतिसाद :
सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या तेलुगू घरात 'वाक्यम्' म्हणतात. योहानाच्या पहिल्याच ओळीत मराठीत 'प्रारंभी शब्द होता', तर तेलुगू आणि कन्नडमध्ये तिथे 'वाक्य' आहे. आजी मात्र आमच्याशी मराठीत बोलताना 'वचन'च म्हणायची. नव्या वर्षाच्या उपासनेत मिळालेली वचनाची चिठ्ठी ती तांदळाच्या डब्यात ठेवायची, म्हणजे रोज हात लागेल.

मूळ विचारणाऱ्याकडून :
काकूंना आज विचारलं, कुठलं वचन वाचलंत? त्यांनी चष्मा लावला, पुस्तक माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "तूच वाच, मोठ्याने."