टाळी कुठे पडली? थिएटरातले अनुभव

सिनेमात समाजाचं प्रतिबिंब पडतं, हे शाळेतल्या निबंधापासून ऐकत आलोय. मला मात्र पडद्याइतकंच आजूबाजूला बघायची खोड आहे. 'फँड्री' २०१४ च्या फेब्रुवारीत लागला, तेव्हा पुण्यात पाहिला. सिनेमातल्या जब्या या शाळकरी पोराचं कुटुंब शाळेच्या आसपास डुकरं धरतंय, वर्गातली पोरं ते बघून खिदळतायत, आणि आमच्या ओळीतही दोघं-तिघं खिदळत होते. तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, जब्याचं घरदार जागच्या जागी ताठ उभं राहतं आणि डुक्कर निसटतं. सिनेमाच्या आधी राष्ट्रगीत लागलं होतं, त्याला सगळे उभे राहून बसले होते. आता कथेतलं लागल्यावर काही जण परत उठले, काही जण उठावं की नाही म्हणून शेजाऱ्याकडे बघत अर्धवट वाकून राहिले. त्या गडबडीत डुक्कर गेल्याचं कुणाला काही वाटायला सवडच झाली नाही. शेवटी जब्यानं भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्यावर, म्हणजे आमच्याच अंगावर येतो. खिदळणारे बाहेर पडताना म्हणाले, "शेवट काय कळला नाही."

म्हणून म्हटलं, असे अनुभव गोळा करू. परीक्षण नको, तारे नकोत. एखादा असा खेळ सांगा, जिथे बघणाऱ्या लोकांमुळे तुम्हाला काही कळलं. हसू कुठे फुटलं, शिट्टी कुठे आली, मधूनच कोण उठून गेलं. आले तसे, फारशी काटछाट न करता देतोय.

करमाळा तालुका, कॉलेजात शिकवतो

'सैराट'चं बरंच चित्रीकरण आमच्या भागातलं, त्यामुळं २०१६ च्या उन्हाळ्यात इथं लग्नांपेक्षा थेटरला गर्दी. 'झिंगाट' लागलं की पोरं पडद्यापुढं जाऊन नाचायची, चिल्लर उधळायची. पाटलाची आर्ची बुलेटवर आली की पोरींच्या बाजूनं शिट्टी यायची. थेटरात पोरींची शिट्टी मी पहिल्यांदाच ऐकली. मग ती दोघं पळून हैदराबादला जातात, झोपडपट्टी, डोशाची गाडी, तिथं पोरं सुस्तावली, मोबाईल निघाले.

शेवट सगळ्यांना ठाऊक आहे, आर्चीच्या घरचेच दोघांना मारून टाकतात. तिथं पडद्यावर आवाजच ठेवलेला नाही, त्यामुळं हॉलमधला सगळा ऐकू येतो. माझ्या मागून एक जण हळू पण स्पष्ट म्हणाला, "असंच पायजे." वळून बघितलं तर ओळखीचा माणूस. 'झिंगाट'ला शिट्ट्या मारणाऱ्यांत तो होता.

पुढच्या सत्रात माझ्या वर्गातल्या काही मुली यायच्या बंद झाल्या. सिनेमामुळं, असं मी म्हणणार नाही. आमच्याकडं ते दरवर्षीचंच आहे, स्थळ येतं आणि पुस्तकं बंद होतात. एकीचे वडील मात्र मला म्हणाले, "सर, त्या पिक्चरनं पोरी बिघडल्या." मी विचारलं, पूर्ण बघितला का? बघितला होता. तो शेवट त्यांना पोरींसाठी धडा वाटला होता. मी इतके दिवस तो बापांसाठी आहे असं धरून चाललो होतो.

मुंब्रा, खासगी नोकरी

'अशी ही बनवाबनवी' (१९८८) आमच्या घरातही सगळ्यांना पाठ आहे, ईदच्या दुपारी हमखास लागतो. खोली मिळावी म्हणून दोन गडी साड्या नेसतात, कारण मालकीणबाईंना जोडपीच हवीत. पुण्यात नोकरीला होतो तेव्हा रूममेटनं एजंटला माझं नुसतं पहिलं नाव सांगितलं. ते दोन्हीकडं चालणारं आहे. करारपत्राच्या दिवशी आधार कार्ड निघालं. मालक म्हणाले, आमचं काही नाही हो, सोसायटी ऐकत नाही. त्या रात्री मित्रांनी माझा मूड यावा म्हणून नेमका बनवाबनवीच लावला. हसलो, खोटं कशाला बोलू? साडीनं काम भागत असतं तर मीही नेसलो असतो.

सांगली जिल्हा, साखर कारखान्यातून निवृत्त

'सामना' आमच्या तालुक्याला आला तेव्हा मी कारखान्यात नुकता कारकून म्हणून चिकटलो होतो. पंचाहत्तरच्या आसपासची गोष्ट. लिहिलाय तेंडुलकरांनी, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, हे सगळं मागाहून कळलं. तेव्हा एवढंच ठाऊक, की निळू फुले साखरवाला पुढारी झालाय. बाल्कनीत आमचेच संचालक बसलेले, खाली आम्ही. हिंदुराव धोंडे पाटील काही बोलला की आधी वरून हशा यायचा, मग खालून. वर कान ठेवून हसायचं. डॉ. लागूंचा दारुडा मास्तर गावातून नाहीसा झालेल्या माणसाबद्दल 'मारुती कांबळेचं काय झालं' विचारायला लागला तेव्हा वर चिडीचूप, म्हणून खालीही चिडीचूप.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात शिक्के मारता मारता एकानं खालच्या मानेनं तोच प्रश्न टाकला आणि अख्खी खोली फुटली. मग तो मुरलाच आमच्यात. कुणाच्या उसाला तोड मिळेना, कुणाचं बिल अडलं, की दबक्या आवाजात, "मारुती कांबळेचं काय झालं?" साहेब आले की बंद.

संचालकांचं म्हणाल तर त्यांना सिनेमा मनापासून आवडला होता. त्यातले एक पुढं कितीतरी दिवस मीटिंगमध्ये हिंदुरावाच्या ढबीत बोलायचे.

सातारा जिल्हा, वय वर्षे ऐंशीच्या पुढे

जत्रेत तंबूचा सिनेमा यायचा. मधे दोरी, अलीकडं बाप्ये, पलीकडं बाया. मशीन एकच, त्यामुळं रीळ बदलायला दिवे लागायचे. दिवे लागले की समद्या माना दोरीपलीकडं. सिनेमे बरेचसे देवाधर्माचे, त्यातलं मला आता काय आठवत न्हाई. आमचं लगीन मात्र त्या दिव्यांतच जमलं.

परभणी, गृहिणी

'माहेरची साडी' १९९१ चा. खेड्यांतून बायका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून दुपारच्या खेळाला यायच्या. मी आईला घेऊन गेले, सोबत शिकलेली नणंद. अलका कुबलचे हाल बघून अख्खं थेटर हमसत होतं आणि नणंद पुटपुटत होती, काय ही बावळट, सोसतेच आहे नुसती. तिचं चूक नव्हतं. पण आईच्या पलीकडे बसलेली एक अनोळखी बाई आईचा हात धरून रडत होती, आणि आई तिला आपल्या सासूचं सांगत होती. आम्हा लेकींना तिनं ते कधीच सांगितलं नव्हतं. पडद्याकडे दोघींचंही लक्ष नव्हतं. घरी रडायला कारण द्यावं लागतं, इथं तिकीट काढलं होतं.

मग एकदम २०२३, 'बाईपण भारी देवा'. भिशीतल्या आम्ही सगळ्या नऊवारीत, वर गॉगल. मंगळागौरीचे खेळ सुरू झाल्यावर खुर्च्या सोडून फुगड्या घातल्या. रडणं इथंही होतंच, फक्त आधी सेल्फी. गाडी मी चालवत नेली होती. मध्यंतरात एकीच्या नवऱ्याचा फोन, कुकरच्या शिट्ट्या किती करायच्या? स्पीकरवर होता, मागच्या रांगेनं ओरडून उत्तर दिलं. नणंदेला हाही सिनेमा आवडला नाही, ते वेगळं.

मुंबई, वकिली करते

'कोर्ट' २०१५ मध्ये राष्ट्रीय पुरस्कारानंतर थिएटरात आला. मल्टिप्लेक्समध्ये आमच्या ऑफिसच्या क्लार्कना सोबत नेलं होतं. बिनबाह्यांचा पोशाख घातला म्हणून न्यायाधीश एका बाईंची केस ऐकत नाहीत, हॉलमध्ये हशा. शाहिराच्या गाण्यामुळे गटारात उतरणाऱ्या कामगारानं जीव दिला असा आरोप वाचला जातो, आणखी हशा. क्लार्क माझ्याकडे वाकून म्हणाले, "मॅडम, हे का हसतायत? बुधवारी आपली तारीख अशीच गेली ना?"

गीतांजली कुलकर्णींची सरकारी वकील लोकलनं घरी येते, मुलाला आणते, स्वयंपाकाला लागते. तिथं हॉल कंटाळला, कोणीतरी मोठ्यानं जांभई दिली. मला तिथंच धस्स झालं. बाई दुष्ट नाही, तेलाच्या भावाबद्दल बोलावं त्या सुरात ती माणसाला आत टाकायचं बोलते. मीही लोकलमध्ये तशीच बोलते. शाहीर झालेले वीरा साथीदार प्रत्यक्षातही नागपूरच्या चळवळीतले कार्यकर्ते होते, २०२१ मध्ये कोरोनानं गेले. त्यांना ही भूमिका वेगळी शिकायला फार लागलं नसेल.

यवतमाळ जिल्हा, आता पुण्यात

हा अनुभव थिएटरातला नाही, होस्टेलच्या खोलीतला आहे, चालेल ना? लॅपटॉपवर 'गाभ्रीचा पाऊस' (२००९) लावला होता. शेजारच्या शेतकऱ्यानं जीव दिल्यावर सोनाली कुलकर्णीला धास्ती बसते, आता आपला नवरा. म्हणून ती पोराला त्याच्या पाळतीवर ठेवते, बाप जाईल तिथं पोरगं मागं. मैत्रिणी हसत होत्या. हसण्यासारखंच केलंय ते, त्यांना दोष नाही.

माझ्या आईनं दादाला असंच मागं लावलं होतं. बाबा विहिरीकडं निघाले की त्याच्या हातात पाण्याचा डबा द्यायची, "जा, बाबांना तहान लागली असन." फवारणीचं औषध घरात न ठेवता मामाकडं ठेवलं होतं. मला तेव्हा वाटायचं, दादाला लाडानं शेतात पाठवते, मला का नाही?

त्या रात्री दादाला फोन केला. तुला माहीत होतं का, आई का पाठवायची ते? म्हणाला, "मले माहीत होतं. बाबालेबी माहीत होतं." बाबा आहेत, अजून कापूसच लावतात. सिनेमा मी त्यांना दाखवला नाही. मैत्रिणींनाही यातलं काही सांगितलं नाही, पुढचा सिनेमा लावला.

कोल्हापूर, पूर्वी डोअरकीपर

आमचं थेटर एकपडदा होतं, आता तिथं कार्यालय झालंय. मी दारात, त्यामुळं चित्र कमी दिसायचं, माणसं जास्त ऐकू यायची. बाईच्या थोबाडीत बसली की टाळी पडायची. हो, पडायची, सिनेमा कुठल्याही भाषेतला असो. पुढं पुढं ती पातळ झाली. लोक सुधारले म्हणून का बायकांची तिकिटं वाढली म्हणून, मला सांगता यायचं नाही. बाल्कनीवाले गर्दीच्या आधी स्कूटर काढायला पाच मिनिटं अगोदर उठायचे, त्यामुळं निम्म्या सिनेमांचे शेवट त्यांनी बघितलेलेच नाहीत. खालचा माणूस पडदा पांढरा होईस्तोवर हलायचा नाही, पैसे मोजलेत म्हणायचा.

सगळ्यात पक्का अंदाज आमच्या कँटीनवाल्याचा. रडका सिनेमा असला की मध्यंतराला वडा खपत नाही, चहा दुप्पट जातो. म्हणून नवीन सिनेमा लागला की पहिल्या खेळाला तो माझ्याकडं येऊन विचारायचा, "रडत्यात का?" आणि मग बटाटे उकडायला टाकायचा.