ताकदीचे व्यायाम सुरू केल्यावर वजन वाढले: व्यायाम चालू ठेवावा का?

नमस्कार. माझे वय ४४ वर्षे असून मी कोल्हापुरात राहते. दोन वर्षे रोज सकाळी रंकाळ्यावर चालूनही वजन ६८ किलोच्या आसपासच अडले होते, आणि रक्तातील साखर सीमारेषेवर आल्यामुळे डॉक्टरांनी चालण्याच्या जोडीला ताकदीचे व्यायाम सुचवले. त्याप्रमाणे गेले १८ दिवस मी आठवड्यातून तीनदा जिममध्ये डंबेल घेऊन बैठका, डेडलिफ्ट आणि खांद्यांचे व्यायाम करते.

पहिल्या दिवशी वजन ६८.२ किलो होते. आज ते ६९.९ भरले. कंबरेचा घेर मात्र तेवढाच आहे. पहिल्या आठवड्यात मांड्या इतक्या भरून आल्या की जिना उतरताना कठडा धरावा लागे. आता तो त्रास बराच कमी झाला आहे. आहारात पेलाभर म्हशीचे दूध आणि दोन उकडलेली अंडी, म्हणजे साधारण ३५० कॅलरी, एवढीच भर पडली आहे. एक किलो चरबी साठण्यास सुमारे ७,७०० जास्तीच्या कॅलरी लागतात असे धरले, तर १.७ किलोसाठी रोज सातशेहून अधिक लागतील. माझा हिशेब त्याच्या निम्म्यावरच थांबतो. मग हे वजन कशाचे आहे, ते किती दिवस राहील, आणि कोणत्या लक्षणांवरून सावध व्हावे? सासूबाई काळजीपोटी हे सारे बंद करायला सांगत आहेत, पण मला ते मनापासून सोडायचे नाही.

प्रतिसाद:

ताई, तुमचा हिशेब योग्य आहे आणि व्यायाम थांबवण्याचे कारण मला दिसत नाही. अनोळखी भार पडला की स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि ती भरून निघेपर्यंत तिथे पाणी धरून ठेवले जाते. त्याशिवाय सराव करणारे स्नायू ग्लायकोजेन, म्हणजे शरीरातील साखरेचा राखीव साठा, जास्त साठवू लागतात, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी साठते; म्हणजे ग्लायकोजेन २०० ग्रॅमने वाढले, तर काट्यावर ८०० ग्रॅम दिसतात. क्रिएटिन (ताकदीसाठी जिममध्ये घेतली जाणारी पूरक पावडर) घेत असाल तर त्यानेही पाणी वाढते. ही वाढ बहुधा काही आठवड्यांत स्थिरावते. मी लहानपणी तालमीत जात असे. अंग भरून आले की वस्ताद जोर-बैठका कमी करत, पण खंड पडू देत नसत.

वजन सकाळी शौचानंतर, उपाशीपोटी करावे आणि आठवड्याची सरासरी पाहावी, कारण आदल्या रात्री तांबडा-पांढरा रस्सा झाला असेल, तर नुसत्या मिठानेही काटा वर जातो. वजन वाढले म्हणून जेवण मात्र तोडू नका. सहा आठवड्यांनंतर वजन आणि कंबर दोन्ही वाढतच राहिली, तर आहार तपासावा. लघवी गडद चहाच्या रंगाची झाली, पायांवर सूज आली किंवा धाप लागू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.