लढाईनंतरची वर्षंही विचारा

निवृत्त सैनिकांकडून लढाईच्या आठवणी लिहून घ्याव्यात, असं बरेचजण म्हणतात. जरूर घ्या. पण त्यांना लढाईनंतरची वर्षंही विचारा, ही कळकळीची विनंती.

आमचे मामा निफाड तालुक्यातले, तोफखान्यात हवालदार. भरती होऊन नाशिक रोडच्या आर्टिलरी सेंटरला गेले, म्हणजे घराजवळच. १९७१च्या डिसेंबरात मात्र ते पश्चिम सीमेवरच्या शकरगढ भागात होते आणि घरी यायचं ते ‘५६ ए.पी.ओ.’ (लष्कराचं टपाल कार्यालय) एवढाच पत्ता असलेलं पत्र. तोफांच्या आवाजानं एक कान कायमचा गेला. ढाक्यात १६ तारखेला शरणागती झाली, पण पश्चिमेकडे तोफा थांबायला १७ची रात्र झाली, हे ते आवर्जून सांगायचे.

निवृत्तीनंतर नाशिकला सिक्युरिटीची नोकरी मिळत होती. ते गावी आले. भावाची द्राक्षबाग, आजीचं आजारपण, आम्हा भाचरांची शिक्षणं, सगळं त्यांनी ओढलं. आणि गावासाठी केली ती कागदपत्रं! आसपासच्या गावांतल्या जवानांच्या विधवांची पेन्शन कुठे ना कुठे अडकलेली असायची. पीपीओवर (पेन्शन मंजुरीच्या आदेशावर) नाव वेगळं, आधारवर वेगळं. नाहीतर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा राहिलेला. मामा त्यांना एसटीनं नाशिकच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात न्यायचे आणि काम होईपर्यंत थांबायचे. त्यांच्या पदकांपेक्षा मला हे मोठं वाटतं.

ओळखीत अशी कोणी मावशी असेल, तर हयातीचा दाखला आता ‘जीवन प्रमाण’ या सरकारी ऑनलाइन सेवेवर मोबाइलवरूनही देता येतो. तेवढं बसून करून द्या.